धाकटीच्या नावाचं पाणी

आमच्या मालकांनी मरताना माझ्याकडून एकच गोष्ट कबूल करून घेतली, आणि ती अशी की ऐकल्याबरोबर मला त्यांचाच राग आला. पुण्याच्या एका मिशन दवाखान्यात ते वॉर्डात कामाला होते आणि त्याच वॉर्डात विषमज्वरानं पडले होते. माझा हात धरून म्हणाले, "आईला सोडू नगंस. ती हाकलील, शिव्या देईल, तरी सोडू नगंस." मी म्हटलं, "अवो, तुमी जित्ते असताना तुमच्या आईनं आपल्याला उंबऱ्याच्या आत घेतलं न्हाई, आता मला एकटीला काय ओवाळून घेनार हाय?" त्यावर ते माझ्याकडं नुसते बघत राहिले. माणूस असं बघायला लागलं की आपण दुसरं काय करणार? "न्हाई सोडत," म्हणाले मी. "देवाच्या साक्षीनं म्हन." तसंही म्हणाले. तिसऱ्या दिवशी ते गेले.

आम्ही दोघं मूळची हिंदू, शेतकऱ्याघरची. दवाखान्याच्या आवारात राहता राहता, तिथली प्रार्थना ऐकता ऐकता ख्रिस्ती झालो. आम्हाला कुणी भुलवलं नव्हतं. मी तर आधी वर्षभर त्यांच्याशी भांडत होते, मग एक दिवस माझंच मन वळलं. पण हे गावाला कोण सांगणार? गावाला एकच शब्द ठाऊक, बाटगी.

गाव आमचं नसरापूरहून पालीकडं जाणाऱ्या वाटेवर, गुंजवणीच्या काठी. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट. मी गाठोडं घेऊन दारात उभी राहिले तेव्हा सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या. त्यांची दृष्टी तोवर पार गेली होती. "कोन हाय?" म्हणाल्या. "मी. तुमची सून." मग विचारलं, "त्याला पुरला का जाळला?" "पुरला, आत्याबाई." त्यांनी पदर तोंडावर ओढून घेतला. मी उन्हात तशीच उभी. पुष्कळ वेळानं पदराआडूनच म्हणाल्या, "पडवीत ऱ्हा. आत पाय टाकायचा न्हाई. माझ्या हंड्याला हात लावायचा न्हाई." झालं, एवढंच माझं स्वागत.

मग सुरू झाला आमचा संसार, एका छपराखाली दोन चुली. मी पडवीत तीन दगड मांडले, त्या आत आपल्या हातानं चाचपत भाकरी थापायच्या. शेत मी करायची. भात मी लावायची, मी कापायची, मी झोडायची, आणि त्याच भाताचे तांदूळ सासूबाई खुशाल खायच्या. माझ्या हातचं धान्य चालायचं, पाणी चालायचं नाही! हे शास्त्र कुणी काढलं त्याला एकदा भेटायची माझी फार इच्छा होती. त्यांचं पाणी भरायला शेजारची थोरली जाऊ यायची. शेजारी दोन सख्ख्या जावा, थोरली आणि धाकटी. थोरली विधवा, मनानं चांगली. सकाळी विहिरीचे दोन हंडे आत नेऊन ठेवायची आणि जाताना माझ्याकडं बघून उगाच हसायची. गावात माझ्याकडं बघून हसणारं तेवढं एकच तोंड.

विहिरीवर मला मज्जाव होता. मी नदीच्या वाळूत झरा खणून वाटी-वाटीनं घागर भरायची. मी उतारावर दिसले की धुणं धुणाऱ्या बाया गप्प व्हायच्या आणि मी लांब गेले की पुन्हा बोलायला लागायच्या. कधी कधी आठ-आठ दिवस माझ्याशी कुणी शब्द बोलायचं नाही. सासूबाई बोलायच्या, पण ते बोलणं कसलं? "ए बाटगे, कोंबड्या तांदळात शिरल्या." "ए बाटगे, मेलीस का?" मी बैलाशी बोलायची, चुलीशी बोलायची. देवाशी तर भांडायचीच. बाभळीखाली बसून मोठ्यानं प्रार्थना म्हणायची, ती निम्मी प्रार्थना आणि निम्मी कागाळी असायची. त्यानं सगळं ऐकून घेतलं असणार, कारण उत्तर कधी दिलं नाही.

महिन्यातला पहिला रविवार तेवढा माझा. त्या दिवशी भोरहून पाद्रीसाहेब सर्व्हिस मोटारीनं नसरापूरला यायचे, एका कंपाउंडरच्या घरी पाच-सात ख्रिस्ती माणसं जमायची. मी पहाटे निघून तीन कोस चालत जायची आणि दिवस मावळायच्या आत परत यायची. तिथं मला नावानं हाक मारायचे, चहा द्यायचे. पाद्रीसाहेब दर खेपेला म्हणायचे, "भोरला मुलींच्या बोर्डिंगात एक बाई हवी आहे. खोली मिळेल, चार माणसांत राहाल. सासूबाई तुम्हाला माणूस मानत नाहीत, मग हा हट्ट कशासाठी?" खोटं कशाला सांगू, दर खेपेला मला जावंसं वाटायचं. परतीच्या वाटेवर मी मनातल्या मनात त्या खोलीत पडदेसुद्धा लावायची. मग घराचं छप्पर दिसलं की मालकांचं ते बघणं आठवायचं, आणि पडदे निघायचे.

अशी चार वर्षं गेली. पाचव्या वर्षी फाल्गुनात थोरलीचा मुलगा आला आणि आईला कायमची मुंबईला घेऊन गेला. जाताना ती सासूबाईंना सांगून गेली, "माझ्यामागं धाकटी पानी घालील, काळजी करू नका." धाकटीनं दोन दिवस घातलंही. तिसऱ्या दिवशी तिच्या नवऱ्यानं अंगणात उभं राहून सगळ्या आळीला ऐकू जाईल असं सांगितलं, "बाटगीच्या घरात पाय टाकलास तर तंगडी मोडीन." संपलं. धाकटी भित्री. ती परत आली नाही.

सासूबाई दारात येऊन बसल्या. सकाळ गेली, दुपार झाली. अधूनमधून हात मागं नेऊन हंडा चाचपायच्या आणि परत मांडीवर ठेवायच्या. माझ्या घागरीत पाणी होतं, चार हातांवर. त्यांनी मागितलं नाही आणि मला देता येईना. शेवटी माझा संयम सुटला. उठले, झऱ्यावर गेले, घागर घासूनपुसून भरली, मागच्या दारानं आत शिरले आणि हंड्यात ओतली. चार वर्षांत पहिल्यांदा त्या उंबऱ्याच्या आत माझा पाय पडला. पाण्याचा आवाज झाला तशी सासूबाईंनी मान वळवली. "कोन गं? धाकटे?"

मी आवाज घोगरा केला आणि म्हणाले, "हुं."

"बरं झालं बाय आलीस. जीव कासावीस झाला व्हता," म्हणाल्या आणि तांब्या बुडवून गटागटा प्यायल्या.

बाय! मला बाय म्हणाल्या. नवी नवरी म्हणून आले तेव्हाही म्हणाल्या नव्हत्या. त्या एका शब्दासाठी मी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, आणि तिसऱ्या दिवशीही. पाण्यासाठी गेले असं मी माझ्या मनाला सांगायची, पण खरं म्हणजे मी त्या बोलण्याला चटावले होते. सासूबाई धाकटीशी काय काय बोलायच्या! माझे मालक लहानपणी नदीत बुडता बुडता कसे वाचले, त्यांना फणस किती आवडायचा, हे मला बायको असून ठाऊक नव्हतं. मी कोपऱ्यात बसून हुं, हुं करायची आणि पदरानं डोळे पुसायची.

एकदा म्हणाल्या, "धाकटे, आज पानी ग्वाड लागतंय गं. विहिरीचं पानी असं कवापासनं लागाया लागलं?" मी हुं म्हटलं. एकदा म्हणाल्या, "डोस्क्याला तेल लाव बाय, लई आग हुतीया." मी मागं बसून त्यांच्या केसांत तेल जिरवलं. चार वर्षं मला माणसाचा स्पर्श नव्हता. त्यांनी हात मागं आणला आणि माझं मनगट धरलं. मी विधवा, मनगट मोकळं. धाकटीचे हात कोपरापर्यंत काकणांनी भरलेले. त्यांची बोटं त्या मोकळ्या मनगटावर जरा थांबली. मग म्हणाल्या, "कामात काकनं वाढवलीस जनू." "हुं," म्हणाले मी. तेवढ्यात शेजारच्या अंगणात खरी धाकटी कोंबड्यांवर खेकसली, चांगली खणखणीत. सासूबाई एकदम मोठ्यानं बोलायला लागल्या, पावसाचं काहीतरी. मी मूर्ख, मला वाटलं म्हातारीचे कानही गेले वाटतं.

चैत्रातला पहिला रविवार आला. मी हंडा काठोकाठ भरून नसरापूरला गेले. प्रभुभोजनाची, म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीनं भाकर आणि द्राक्षरसाचा प्याला घ्यायची वेळ झाली, प्याला हातोहात माझ्यापर्यंत आला आणि माझा हात काही उचलेना. जी बाई रोज सकाळी उठून एका आंधळ्या म्हातारीला फसवते, तिनं हा प्याला कोणत्या तोंडानं घ्यायचा? मी तो तसाच पुढं दिला. नंतर पाद्रीसाहेबांनी विचारलं, मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बाई, फसवून केलेली सेवा ती सेवा नव्हे. सांगून टाका. देव वाट दाखवील." त्यांचं काय जात होतं सांगायला! पण मलाही ते पटलं, कारण मला माझं तोंड स्वच्छ करून हवं होतं. सासूबाईंचं काय होईल याचा विचार त्या तीन कोसांत मी एकदाही केला नाही. माझी ही चूक मी कुणावर ढकलत नाही.

घरी आले तेव्हा अजून ऊन होतं. सासूबाई सुपात नाचणी पाखडत होत्या. मी दारात उभी राहून एका दमात बोलून टाकलं, "आत्याबाई, धाकटी येत न्हाई. म्हैनाभर पानी मीच भरतीया. तेलबी मीच लावलं. माझं चुकलं."

सूप थांबलं. "ठावं हाय मला," म्हणाल्या.

मी उंबऱ्यावर हात टेकून खाली बसले.

"आंधळी हाय म्या, येडी न्हाई. झऱ्याचं पानी मला वळखू येत न्हाई व्हय? धाकटी पल्याड कोंबड्या हाकती आन् हितं माझ्या डोस्क्याला तेल लावती? पयल्याच दिशी कळलं मला."

"मग बोलला का न्हाई?"

"बोलून काय करू?" त्यांचा आवाज चढला. "म्या धाकटी म्हनायचं, तू हुं म्हनायचीस. चाललं व्हतं न्हवं? माझ्या देवाला काय सांगायचं ते माझं मी बघितलं असतं. आता तू तोंडानं बोललीस. आता ते पानी म्या कुनाच्या हातचं म्हून पिऊ? तुझा देव तुला खरं बोल म्हनतो, मग मी माझ्या देवापुढं काय तोंड दाखवू? कुनी इचारलं व्हतं तुला? आं? कुनी इचारलं व्हतं?" त्या रडत होत्या. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं, मुलाची बातमी ऐकली तेव्हासुद्धा पदराआडच. "सांडून टाक ते पानी," म्हणाल्या.

मी हंडा उचलून अंगणात पालथा केला. माझं तोंड स्वच्छ झालं होतं, आणि त्यांच्या घरात प्यायला घोटभर पाणी उरलं नव्हतं.

तो दिवस तसाच गेला, दुसराही गेला. चैत्राची तलखी. सासूबाई भिंतीला टेकून बसल्या, ओठ फुटले, पण पाणी म्हणून तोंडातून शब्द काढला नाही. हट्टी म्हणावं तर किती! आणि मी मालकांना काय कबूल केलं होतं, आईला सोडणार नाही. सोडलं नव्हतंच, उभ्या उभ्या मारत होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी विहिरीपाशी गेले, लांब उभी राहिले आणि पदर पसरला. "माझ्यासाठी नगं, म्हातारीसाठी कुनीतरी एक हंडा घाला." धाकटी रडायला लागली, पण हलली नाही. एक वयस्कर बाई रहाटाचा दोर न सोडता म्हणाली, "तू गाव सोड. तू गेलीस की घटकाभरात पानी जातंय बघ तिच्या घरात." बाकीच्या बाया हो म्हणाल्या.

म्हणजे सोडलं तर म्हातारी जगणार. मी देवाला विचारलं, आता काय करू? नेहमीप्रमाणं तो गप्प. सकाळी गाठोडं बांधलं आणि दारात जाऊन म्हणाले, "आत्याबाई, मी भोरला जाते, बोर्डिंगात. मी गेले की बाया पानी घालतील, कबूल केलंय त्यांनी. तुमच्या लेकाला मी सबूद दिला व्हता. तो मोडतीया. तुमी जगावं म्हून मोडतीया."

सासूबाई मान खाली घालून रिकामा तांब्या चाचपत बसल्या. मी पाऊल उचललं. तेवढ्यात त्यांनी मान वर केली, मी आत्ताच आले असावे तशी, आणि कोरड्या घशानं म्हणाल्या, "कोन गं? धाकटे, तू व्हय? कवाची उभी हाईस?"

मी मागं वळले.

"आमची सून गेली न्हवं नसरापूरला, पार्थनेला? आली की तिला काई सांगू नगंस हां. लई खऱ्याची हाय ती. तिला खोटं सोसत न्हाई." मग तांब्या पुढं केला. "पानी आन बाय. मरतीया म्या."

मी धाकटी न्हवं, हे शब्द माझ्या जिभेवर होते. पाद्रीसाहेबांनी सांगितलेलं सगळं डोक्यात होतं. आणि मेलेल्या माणसाला दिलेला शब्दही होता, तोही देवाच्याच साक्षीनं. मी गाठोडं खाली ठेवलं. "आनते," म्हणाले, आणि या खेपेला आवाज घोगरा केला नाही.

त्यानंतर सहा वर्षं मी त्या घरात धाकटी होते. सकाळी हंडा घेऊन आत गेले की धाकटे, बाय, बस, जेवलीस का? आणि दुपारी पडवीत बसले की "ए बाटगे, कोंबड्या बघ!" एकाच दिवसात, एकाच तोंडानं. सुरुवातीला मला हसू यायचं. पुढं हसू येईनासं झालं. गावाला काय ते कळलं होतं, पण म्हातारीनं स्वतः धाकटी म्हटल्यावर कोण काय बोलणार? लढाई आली, रेशनचा कंट्रोल आला, बाजारात रॉकेल मिळेना. माझ्या आयुष्यात तेवढाच फरक पडला. पाद्रीसाहेबांना मी सगळं सांगितलं. ते हातातलं पुस्तक मिटून म्हणाले, "बाई, प्याला घ्या." मी नाही घेतला. खोटं मी रोज बोलत होते आणि उद्याही बोलणार होते, मग पश्चात्तापाचं सोंग कशाला? सहा वर्षं प्याला माझ्यापर्यंत यायचा आणि मी तो पुढं द्यायची. सगळ्यांत असून तिथंही एकटीच.

शेवटच्या श्रावणात सासूबाईंनी अंथरूण धरलं. आत मीच असायची, दिवसभर. एका दुपारी माझा हात चाचपून धरला आणि म्हणाल्या, "धाकटे, आमची सून कुठं हाय?"

"हाय हितंच."

"तिला म्हनावं, माझ्या लेकाला दिलेला सबूद पुरा केलास. त्यानं पारख करून बायकू केली. आन् म्हनावं, आता हितं एकटीनं ऱ्हाऊ नगंस. भोरला जा."

मी त्यांच्याकडं वाकले. म्हणाले, "तुमीच सांगा की तिला. हाक मारा. एक हाक मारली तर येईल बगा ती."

त्यांचे ओठ हलले. मला वाटलं आता हाक मारतील. मोकळ्या मनगटावर त्यांची बोटं फिरत होती.

"नगं," म्हणाल्या. "तू सांग."

"सांगते," म्हणाले मी.

दुसऱ्या दिवशी त्या गेल्या. गावानं त्यांच्या रीतीनं सगळं केलं आणि मी लांब उभी राहून बघितलं. मग मी भोरला आले, बोर्डिंगात. प्याला घेते आता. मुली दिवसभर मावशी मावशी म्हणून माझं डोकं उठवतात. प्रार्थनेत मी सासूबाईंचं नाव घेते आणि मनापासून घेते. पण एकदा, फक्त एकदा, सूनबाई म्हणायला त्यांचं काय जात होतं? घरात आम्ही दोघीच तर होतो, ऐकायला तिसरं कुणी नव्हतं. देव मला क्षमा करो, पण या एका गोष्टीचा राग मला अजून येतो.